शून्याचं टोक

"सात मीटर चाळीस," देवरेसाहेब म्हणाले आणि टेप तसाच ताणून धरून माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, तुमच्या प्लॅनवर नऊ मीटर आहे."

मी प्लॅन उघडला. नऊच होते. माझ्याच अक्षरात.

"हा आकडा कुठून आणलात?"

"मंजूर लेआउटवरून."

"म्हणजे इथे टेप लावलाच नाही."

नव्हता लावला. वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केल्यावर मी एक रस्ता न मोजता कागदावर काढला होता. मखमलाबादच्या बाजूला, पाटाच्या कडेने जाणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर आम्ही तिघं उभे होतो. देवरेसाहेब महापालिकेच्या नगररचना विभागात उपअभियंता होते. मी प्लॅन काढणारी. तिसऱ्या सुलभाताई, ज्यांच्यासाठी तो काढला होता.

"म्हणजे काय झालं?" सुलभाताईंनी विचारलं.

"म्हणजे फाइल थांबली," साहेब म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

इरा, अर्णव, तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं की आजीने बांधलेली सगळ्यांत मोठी बिल्डिंग कोणती. मोठ्यांत सांगण्यासारखं काही नाही. ही लहान आहे. तीन खोल्या, एक रॅम्प आणि समोर ओटा. तिच्याबद्दल लिहून ठेवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुलभाताई शाळेत हस्तकलेच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचवटीत एक पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं आणि अपंग प्रौढांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. आता दिव्यांग म्हणतात, तेव्हा कागदावर अपंग असंच लिहीत. वेताच्या खुर्च्या विणणं, फाइलींची कव्हरं शिवणं, खडू करणं, अशी कामं ते शिकत. एकूण सव्वीस जण. कोणाला दिसत नव्हतं, कोणाच्या पायात जोर नव्हता, काहींना गोष्टी उशिरा समजत.

शेडच्या मालकाने सांगून टाकलं होतं की पुढच्या गुढीपाडव्याला त्याला तिथे स्वतःच्या इमारतीचं भूमिपूजन करायचं आहे. माणूस वाईट नव्हता. वर्षभर आधी सांगितलं होतं. सुलभाताईंच्या मावशीने मखमलाबादकडची आपली पंधरा गुंठे जमीन केंद्राला देऊन टाकली, आणि ताई माझ्या ऑफिसात आल्या.

"पाडव्याला जुनं बंद, पाडव्यालाच नवं सुरू," त्या म्हणाल्या. "मध्ये एक आठवडासुद्धा नको."

"महिना-दोन महिने सुट्टी देता येणार नाही का?"

"तुम्ही शांतारामला बघून जा. मग विचारा."

मी गेले. शांताराम छत्तीस वर्षांचा होता. वडील निवृत्त कंडक्टर. त्याला गोष्टी हळू समजत, पण एकदा समजली की पक्की. खुर्चीची बैठक विणताना आधी उभे पट्टे, मग आडवे, मग तिरके घालायचे असतात. हे शिकायला त्याला अकरा महिने लागले. त्याआधी अठरा वर्षं तो घराच्या पायरीवर बसून होता.

"मागच्या वर्षी याच्या आईचं ऑपरेशन झालं. हा सहा आठवडे आला नाही," ताई म्हणाल्या. "परत आला तेव्हा पहिल्या पट्ट्यापाशी. पुन्हा पाच महिने लागले. आणि या वेळी तो म्हणत होता, मला येत नाही, मला घरी सोडा. दोन महिने बंद ठेवलं तर इमारत मिळेल, माणसं मिळणार नाहीत."

मी ऑफिसात परतून प्लॅन काढायला घेतला.

पण प्रत्येक जमिनीला झोन असतो, तो म्हणजे काय ते सांगते. शहराचा एक रंगीत नकाशा असतो. पिवळा भाग राहण्याचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. मावशींची जमीन हिरव्यात होती. हिरव्यात घर किंवा कारखाना बांधता येत नाही. पण सार्वजनिक संस्थेला, ती शिक्षणाची किंवा सेवेची असेल तर, आयुक्तांची खास परवानगी मिळू शकते. ती फाइल नगररचना विभागातून वर जाते. आणि तिथे देवरेसाहेब बसत.

आमच्या व्यवसायात त्यांची ख्याती अशी होती की त्यांच्याकडे फाइल गेली की आर्किटेक्ट रजेवर जातात. मूळचे कळवणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. बारीक, उंच, खिशात दोन पेनं. चहा स्वतःच्या थर्मासमधला प्यायचे. कोणाचा घ्यायचे नाहीत आणि कोणाला द्यायचेही नाहीत.

पहिल्या भेटीत त्यांनी फाइल वाचली, सबंध वाचली, आणि विचारलं, "ही शाळा आहे का?"

"नाही, प्रौढ आहेत सगळे."

"मग वसतिगृह?"

"संध्याकाळी घरी जातात."

"खुर्च्या विणून विकता. मग कारखाना?"

सुलभाताईंचा आवाज चढला. "साहेब, कारखाना म्हणायला खुर्ची एका दिवसात झाली पाहिजे. आमच्याकडे एकीला तीन आठवडे लागतात."

देवरेसाहेब हसले नाहीत. "मोटारी किती?"

"दोन. एक शिवणयंत्राची, एक ड्रिलची."

त्यांनी लिहून घेतलं आणि आम्हाला जायला सांगितलं. जिन्यात ताई मला म्हणाल्या, "हा माणूस मिरचीच्या देठालाही नियम लावेल."

चार दिवसांनी साहेब न कळवता केंद्रात जाऊन बसले. मला ताईंनी नंतर सांगितलं. तासभर नुसते बसले होते, शांतारामच्या समोर. शेवटी त्यांनी त्याला विचारलं, "हा पट्टा वरून का घेतला?" शांतारामने मान वर न करता उत्तर दिलं, "मागचा खालून गेला." साहेब उठले आणि निघून गेले.

त्यांचा शेरा मी पुढे फाइलवर वाचला. नोटिंग म्हणतात त्याला. त्यात लिहिलं होतं की ही प्रशिक्षण संस्था आहे, इथली वस्तू हे शिकवण्याचं साधन आहे, विकणं हा त्याचा शेवटचा धडा आहे, सबब कारखाना समजू नये. सरकारी नोटिंगमध्ये इतकं नेमकं वाक्य मी तोवर वाचलं नव्हतं. ते बघून मला वाटलं, झालं काम. आणि मग रस्त्यावर टेप लागला.

त्या दिवशी रस्त्यातच मी साहेबांना म्हटलं, "दीड मीटरचा प्रश्न आहे. इतकं चांगलं काम आहे, तुम्ही स्वतः बघितलंय. इथे वाहतूक तरी किती असणार?"

टेप खिशात टाकत ते म्हणाले, "मॅडम, नऊ मीटर कशाला मागतात?"

"फायर ब्रिगेडची गाडी आत यावी आणि शेजारून दुसरी निघावी म्हणून."

"आग लागली तर तुमच्या केंद्रातली किती माणसं पळू शकतील?"

मी प्लॅनची गुंडाळी केली.

"इतर कुठे एक वेळ मी डोळेझाक केलीही असती," ते म्हणाले. "इथे नाही करणार."

मला राग आला होता. पण तो त्यांचा नव्हता हे स्कूटर सुरू करता करताच लक्षात आलं. मी काढलेला रस्ता कागदावर रुंद होता, आणि प्रत्यक्षात दोन गाड्या तिथे अडकल्या असत्या.

पण मग उरलेला दीड मीटर रस्ता गेला कुठे? एका बाजूला पाटाची दगडी भिंत. ती हलत नाही. दुसऱ्या बाजूला विधातेआण्णांचा झेंडू. गणपती नुकतेच उठले होते, शेत कळ्यांनी भरलेलं होतं आणि झेंडूची शेवटची ओळ थेट चाकोरीपर्यंत आली होती.

इथे मी दुसरी चूक केली. विधातेआण्णा बांधावर उभे राहून आमचं मोजणं बघत होते. पासष्टीचे, डोक्याला टॉवेल. मागे त्यांची सून आणि खुरपणी करणाऱ्या चार बायका. मी सरळ तिथे गेले आणि शाळेत शिकलेल्या स्पष्टपणाने म्हटलं, "आण्णा, तुम्ही रस्त्यावर अतिक्रमण केलंय."

बायकांची खुरपी थांबली.

"रस्ता व्हता तेवढाच हाय," आण्णा म्हणाले. "माझ्या बापापासून तेवढाच हाय. आन् तुम्ही तिथं येडे आनून ठेवनार म्हणं? माझ्या फुलात शिरले मग?"

"ते कोणाच्या फुलात शिरत नाहीत," सुलभाताई म्हणाल्या.

"कशावरून?"

आण्णा पाठ फिरवून गेले. तिसऱ्या दिवशी महापालिकेत त्यांची लेखी हरकत आली: संस्थेला परवानगी देऊ नये, रस्ता पुरेसा नाही. ज्याने रस्ता खाल्ला, तोच म्हणत होता रस्ता कमी आहे. मी तो कागद दोनदा वाचला.

कायद्याने एक वाट होती. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्यायचा. सरकारी मोजणीदार येऊन खुणा घालतो. पण त्याला महिने लागतात, आणि त्यावर आण्णा कोर्टात गेले असते तर वर्षं. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं होतं, तीन महिन्यांच्या आत बांधकाम होणार नाही. म्हणजे डिसेंबरात परवानगी हवी, नाहीतर पाडव्याला सव्वीस जण घरी आणि शांताराम परत पायरीवर.

देवरेसाहेबांनी मला बोलावलं. हरकतीचा कागद समोर ठेवून म्हणाले, "तुम्ही त्यांना काय शब्द वापरला?"

मी सांगितलं.

"चारचौघांत?"

"हो."

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. मग म्हणाले, "तुम्ही शेती केली नाही कधी."

"नाही."

"बांध कोरणं माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. दोन शेतांच्या मध्ये, किंवा शेत आणि रस्त्याच्या मध्ये, मातीचा उंचवटा असतो तो बांध. दर वर्षी नांगर धरताना माणूस तो थोडा बाहेर सरकवतो. चार बोटं. कधी त्याहून कमी. कोणाला दिसत नाही. वीस वर्षांनी दीड मीटर होतो. हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, कारण सगळं गाव ते करतं. पण कोणी कोणाला तोंडावर म्हणत नाही.

"मग काय म्हणतात?" मी विचारलं.

"बैल वाकडा चालला म्हणतात," साहेब म्हणाले. "तुम्ही बैलाला सोडून मालकाला धरलंत."

"मग तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"अर्जदाराच्या बाजूने बोलायला मी जाऊ शकत नाही. पण हरकत आली की दुसरं इन्स्पेक्शन करावं लागतं, आणि त्याला शेजाऱ्याला नोटीस देऊन बोलावणं नियमात बसतं." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी."

"साहेब, तोवर दीड-दोन महिने जातील."

"दसऱ्याला झेंडू, दिवाळीला झेंडू. फूल शेतात उभं असताना शेतकऱ्याशी जमिनीचं बोलायचं नसतं. शेत मोकळं झालं की माणूसही मोकळा होतो."

मी ऑफिसात येऊन उरलेले दिवस मोजले. ताईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मिरचीच्या देठाला नियम लावतोय, पण देठ बघून लावतोय." मला मात्र त्या दीड महिन्यात धीर नव्हता. दसऱ्याच्या बाजारात झेंडूचे ढीग बघून प्रत्येक वेळी वाटायचं, यातले काही माझ्या रस्त्यावर उगवलेत.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आम्ही परत त्या रस्त्यावर जमलो. झेंडू निघून गेला होता, नुसती वाळकी खोडं उरली होती. सुलभाताईंनी शांतारामला बरोबर आणलं होतं. केंद्राला दिवाळीची पाच दिवसांची सुट्टी होती आणि काम नसलं की तो घरात येरझाऱ्या घालायचा, आईला जड जायचं.

मला साहेबांनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, आज तुम्ही फक्त वही लिहायची."

शिपाई रजेवर होता. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि टेपचं शून्याचं टोक शांतारामच्या हातात दिलं. "हे या दगडाला टेकवून धरायचं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

शांताराम पाटाच्या भिंतीपाशी उकिडवा बसला आणि टोक दगडाला लावलं.

साहेब टेप सोडत पलीकडे बांधावर बसलेल्या आण्णांपर्यंत गेले. आकडा वाचला. मी लिहिला, सात चाळीस. मग त्यांनी टेपची डबी जमिनीवर ठेवली, तिच्यावर दगड ठेवला आणि बांधावर आण्णांच्या शेजारी बसले. त्यांना मी पहिल्यांदाच खुर्चीशिवाय बसलेलं पाहत होते.

"झेंडू कसा गेला, आण्णा?"

"दसऱ्याला चांगला गेला. दिवाळीला पडला."

"नांगरट कधी?"

"चारसहा दिवसांत. मग मेथी टाकीन."

"बैल घरचे?"

"घरचेच. येक म्हातारा झालाय."

"कळवणला आमच्या बापाचा एक बैल होता," साहेब म्हणाले, आणि त्यांची ऑफिसातली भाषा हळूहळू मागे राहिली. "लय गुणाचा. पण दर वर्षाला वीतभर उजवीकडं जायचा."

आण्णांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "उजवीकडंच?"

"उजवीकडंच. डावीकडं पाटाचं पाणी व्हतं ना."

आण्णा खाकरले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बैलाला काय कळतंय, साहेब."

"नाय कळत. आमच्या बापानं मरायच्या आधी त्याला सरळ चालवला. शेजारी येऊन पाया पडला बापाच्या."

"सरळ चालवायला काय नाय हो. पन हितं उद्या कोन कसलं येतंय, म्या कशाला माझी वावरं…"

त्यांनी वाक्य सोडून दिलं. सून चहा घेऊन आली होती. साहेबांनी आण्णांच्या घरचा कप घेतला. मी वहीत मान घातली. बोलणं परत मेथीवर, मग कळवणच्या कांद्यावर, मग आण्णांच्या गुडघ्यावर गेलं. वीस मिनिटं झाली असतील. मला वाटलं, हरलो.

तेवढ्यात सून म्हणाली, "आण्णा, त्या तिकडच्यांना चहा नेला तर घेत नायत. हातच काढत नायत."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. शांतारामला आम्ही विसरलो होतो. तो तसाच उकिडवा बसून होता, दोन्ही अंगठ्यांनी टेपचं टोक दगडाला दाबून. ऊन थेट तोंडावर होतं. मी उठायला लागले, तर सुलभाताईंनी माझा हात धरला.

आण्णा स्वतः उठले, गुडघा धरत पलीकडे गेले. "सोड की बाबा. च्या घे."

"साहेबांनी सांगितलं नाही," शांताराम म्हणाला.

"अरे, मोजून झालं कवाच."

"साहेबांनी सांगितलं नाही."

आण्णांनी त्याचे दाबून पांढरे पडलेले अंगठे बघितले. मग परत येऊन बांधावर बसले.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्या घरात येवढं माझं कोनी ऐकत नाय."

सून पदरात हसली.

"बांधाला असा मानूस पायजे. हालत नाय." आण्णांनी टॉवेल काढून तोंड पुसलं. "सांगा त्याला सोडायला, अंगठे दुखत असतील. आन् सोमवारी या. बैल सरळ चालवून बघतो."

"शांताराम, सोडा," देवरेसाहेब म्हणाले. शांतारामने टोक सोडलं, अंगठे झटकले आणि चहा मागितला.

सोमवारी साहेबांनी चुन्याच्या फक्कीची रेघ मारून घेतली आणि आण्णांनी त्या रेघेवरून नांगराचा नवा तास काढला. जुना बांध मोडून माती नव्या बांधावर टाकली. कोणी भाषण केलं नाही, कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. शून्याच्या टोकाला परत शांताराम. रस्ता नऊ मीटर पाच सेंटिमीटर भरला. साहेबांनी पंचनामा लिहिला. त्यात "उभय बाजूंच्या संमतीने हद्द कायम केली" एवढंच होतं. बैलाचा किंवा मालकाचा उल्लेख नव्हता. आण्णांनी त्याच कागदाखाली हरकत मागे घेतल्याचं लिहून अंगठा न देता सही केली. सही येते हे त्यांना आम्हाला दाखवायचं होतं.

साहेबांनी मला प्लॅन परत दिला. "आकडा दुरुस्त करा. आणि रॅम्पचा उतार कमी करा, चाकाच्या खुर्चीला जड जाईल." तेही मी पुस्तकातून काढलं होतं, माणूस बसवून बघितलं नव्हतं. मी दोन्ही दुरुस्त केलं. फाइल वर गेली, आणि वर कोणालाही तिच्यात एकही प्रश्न विचारायला जागा सापडली नाही. डिसेंबर संपायच्या आत परवानगी आली.

पाडव्याच्या आठ दिवस आधी सामान हललं. सुलभाताईंनी त्याची आखणी लग्नासारखी केली होती. सकाळी सव्वीस जणांनी जुन्या शेडमध्ये काम केलं, दुपारी टेम्पो निघाला. शांतारामने अर्धी विणलेली खुर्ची टेम्पोत टाकू दिली नाही. ती मांडीवर घेऊन बसला. मखमलाबादला उतरला, ओट्यावर बसला आणि जिथे थांबला होता तिथून पुढचा पट्टा वरून घेतला. मागचा खालून गेला होता.

देवरेसाहेब उद्घाटनाला आले नाहीत. महिन्याभराने आले ते घरची फाटकी वेताची खुर्ची घेऊन. ताई म्हणाल्या, लगेच करून देते. ते म्हणाले, नंबरानेच द्या. तीन आठवडे थांबले.

त्यानंतर माझ्या ऑफिसात एक नियम झाला. टेप लावल्याशिवाय रस्ता प्लॅनवर चढवायचा नाही. ज्युनिअर मुलं कुरकुरायची, "मॅडम, मंजूर नकाशा आहे की." मी म्हणायचे, नकाशात बैल नसतो. त्यांना कळायचं नाही, पण टेप घेऊन जायची. कडक अधिकाऱ्याबद्दलही माझं मत बदललं. जो आपली फाइल तीनदा परत पाठवतो, तो त्या फाइलीविरुद्ध बोलायला पुढे कोणाला काही शिल्लक ठेवत नाही.

दहाएक वर्षांनी, ऑफिस बंद करण्याआधी, मी तिकडे गेले होते. केंद्रात तेव्हा साठेक जण होते. आण्णा वारले होते, त्यांचा मुलगा ट्रॅक्टरने नांगरत होता. मला राहवलं नाही. गाडीतून टेप काढला, रस्ता मोजला, आणि देवरेसाहेबांना फोन लावला. ते निवृत्त होऊन कळवणला कांदा करत होते.

"साहेब, नऊ मीटर पाच आहे अजून."



"शून्य कोणी धरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"शांतारामने."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.